‘ताई, ह्याचं फेसबुक जरा बघा’

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडीचा टोलनाका लागतो. तिथंच रस्त्याला लागून माझ्या भावाचं टायरचं दुकान आहे आणि त्याच्या माडीवर माझी दहा बाय बाराची खोली. गेली १९ वर्षं मी तिथं बसून पीएफ, ईएसआय, हजेरीपट, पगारपत्रकं ही कामं करते. माझी गिऱ्हाइकं म्हणजे या रस्त्याच्या दोन्ही अंगांचे मालक. कुणाचा पेट्रोल पंप, कुणाचे टॉवेलचे माग, कुणाचं हॉटेल, कुणाची इंग्रजी माध्यमाची शाळा, कुणाच्या मालवाहू गाड्या. कुणाकडे आठ माणसं, कुणाकडे चाळीस.

पूर्वी कामाला माणूस यायचा तो कुणाची तरी ओळख घेऊन. ‘आमच्या मेव्हण्याचा पोरगा आहे’ एवढं सांगितलं की मालकाचं समाधान व्हायचं. पुढं काही कमी-जास्त झालं तर मेव्हण्याला धरता यायचं. आता ‘पाहिजेत’ची जाहिरात व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडते आणि संध्याकाळपर्यंत चाळीस बायोडाटे येतात. त्यातला एकही माणूस मालकाच्या ओळखीचा नसतो. मग मला व्हॉइस मेसेज येतो, “ताई, ह्याचं फेसबुक जरा बघा.”

मी बघत होते. बरीच वर्षं बघितलं, आणि आपण मालकाचं नुकसान वाचवतोय असं मला मनापासून वाटायचं.

२०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका मालकाला पिकअपवर ड्रायव्हर हवा होता. रात्री माल सोलापूरच्या मार्केट यार्डात पोचवायचा आणि येताना रोकड आणायची, असं जोखमीचं काम. जवळच्याच खेड्यातला पंचविशीचा एक पोरगा भेटून गेला. मालकानं लायसन पाहिलं, गाडी चालवून घेतली, पगार ठरवला आणि सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. शनिवारी मला मेसेज आला.

त्या पोराचं नाव आणि आडनाव आमच्या भागात दर दोन गावांआड सापडेल असं आहे. फेसबुकवर टाकल्याबरोबर आठ-नऊ जण समोर आले. एकाच्या नावाखाली ‘तुळजापूर’ लिहिलेलं होतं. फोटोत रात्रीची गर्दी, गाडीच्या बॉनेटवर केकांची रांग, आणि मधला एक जण तलवारीनं केक कापतोय. चेहऱ्यावर फेस फवारलेला, त्यामुळं निम्मं तोंड झाकलेलं. मला वाटलं, हाच तो. मी स्क्रीनशॉट काढला, मालकाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हा दिसतोय. बघा तुम्ही.’ तलवारीनं केक कापणाऱ्यांवर पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात, हे मालकालाही माहीत होतं. त्यानं पोराला ‘गाडीचं जरा लांबलंय, कळवतो’ म्हणून सांगितलं, आणि तो फोटो गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली पोराचं नाव, गाव आणि ‘ह्याला कुणी घेऊ नका’.

माझी त्यातली कामगिरी पाच-सात मिनिटांची होती.

त्या पोराचं पुढं काय झालं ते सांगते. पण त्याआधी, माणूस कामावर ठेवण्याआधी त्याचा मोबाईलवरचा पसारा उघडतो तेव्हा नेमकं काय उघडतं, हे बघितलं पाहिजे. मालक लोक म्हणतात, ‘पोरगं व्यसनी आहे का, भांडखोर आहे का, एवढंच बघायचंय.’ ते सापडेल तेव्हा सापडेल. त्याआधी डीपी दिसतो, आणि आपल्याकडं डीपीवरनं जात कळते. कुठल्या महापुरुषाचा फोटो, १९ फेब्रुवारीचा भगवा फेटा की १४ एप्रिलचा निळा झेंडा, कपाळावर काय, गळ्यात कवड्यांची माळ की आणखी काही. सोलापुरात वाढलेला कुठलाही मालक हे तीन सेकंदांत वाचतो. त्यानं वाचायचं नाही असं ठरवलं तरी डोळ्यांनी वाचून झालेलं असतं. मी स्वतः वाचत होते. अर्जात जातीचा रकाना नसतो म्हणून आपण भेदभाव करत नाही, असं मानायची मग सोय राहत नाही.

आणि हा भेदभाव कल्पनेतला नाही. आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, लायकी सारखी; फरक फक्त नावात. कुठं उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं नाव, कुठं दलित, कुठं मुस्लीम. पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला उच्चवर्णीय नावाच्या दोन-तृतीयांश निघाली, मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. हे नुसत्या कागदावरच्या नावाचं. आज त्या नावामागं फोटो आहेत, रील आहेत, लग्नाची पत्रिका आहे, गावची जत्रा आहे.

दुसरं दिसतं ते बाईमाणसाचं. एका शाळेनं शिक्षिकेची मुलाखत घेतली आणि संस्थेतल्या कुणीतरी तिचं फेसबुक उघडलं. वरच डोहाळजेवणाचे फोटो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ‘पेढा की बर्फी’. दुसऱ्या दिवशी मला विचारणा आली, “ताई, हिला घेतलं तर सहा महिने पगारी रजा द्यावी लागेल का?” मुलाखतीत हा प्रश्न तिला तोंडावर विचारायची कुणाची छाती झाली नसती. फोटोनं तो न विचारता सोडवला. ती नोकरी तिला मिळाली नाही. दुसरं कारण देण्यात आलं.

इथं मला एक जुना खटला हमखास आठवतो. एलआयसीच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये पूर्वी महिला उमेदवारांना मासिक पाळीबद्दल, गरोदरपणाबद्दल रकाने असायचे. एका महिलेनं त्यात खरं लिहिलं नाही असं ठरवून प्रोबेशनवर असतानाच तिला काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं १९९१ साली तिला परत घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्ममधून काढून टाका असं एलआयसीला सांगितलं. बाईला लाज वाटेल असं काही विचारून तिच्या उत्तरावर नोकरी टांगायची नाही, असा त्याचा साधा अर्थ. आज कुणी असा रकाना छापत नाही. रकान्याचं काम मोबाईल करतो.

तिसरं म्हणजे आजार आणि अपंगत्व. कुणाचा डायलिसिसच्या मदतीसाठी फिरलेला मेसेज, कुणाचा जयपूर फूटबरोबरचा फोटो, कुणी एचआयव्हीबाधितांच्या संस्थेच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत उभा. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ साली एका मजुराच्या प्रकरणात निकाल दिला. तो सरकारी उपक्रमात हंगामी कामाला होता, अंगमेहनतीला तंदुरुस्त होता. पण तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याला कायम केलं नाही. काम करायला जो समर्थ आहे त्याला केवळ त्या कारणानं नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. त्याचं नाव बाहेर फुटू नये म्हणून खटल्यात दोन्ही बाजूंना नुसती इंग्रजी अक्षरं वापरली आहेत. तीस वर्षांपूर्वी न्यायालयानं एका मजुराचं नाव एवढं जपलं, आणि आपण डिस्चार्ज कार्डाचे फोटो ग्रुपवर फिरवतो.

आता मालक काय म्हणतात ते. “ताई, माझा धंदा खासगी आहे. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ही माझी मर्जी.” यात निम्मं खरं आहे, आणि ते कबूल केलं पाहिजे. नोकरीतल्या समान संधीचं संविधानातलं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी मालकानं नोकरी नाकारताना कुठल्याच कारणानं भेदभाव करायचा नाही, असा एकच सर्वव्यापी कायदा आपल्याकडं नाही. नाकारलेल्या उमेदवाराला कामगार न्यायालयाचं दारही सहज उघडत नाही, कारण तो अजून कामगार झालेलाच नसतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे ते असं आहे.

पण उरलेलं निम्मं मालकांना ठाऊक नसतं. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा खासगी मालकालाही लागू आहे. त्या कारणानं नोकरी नाकारणं किंवा नोकरीआधी ती तपासणी सक्तीची करणं, दोन्हीला बंदी. तृतीयपंथीयांबाबतचा २०१९ चा कायदा भरतीतला भेदभाव कुठल्याही आस्थापनेला करू देत नाही. दिव्यांगांचा २०१६ चा कायदा खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतो. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख दंड. बाई म्हणून भरतीत डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानं बंदी होती, ती आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आली आहे. अस्पृश्यतेच्या कारणानं कुणाला नोकरीधंद्यापासून अडवणं हा तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘माझी मर्जी’ म्हणणाऱ्यानं हे सगळं ओलांडून दाखवावं.

त्यात मोबाईलची एक गंमत नसलेली बाजू आहे. मालकाच्या डोक्यात काय होतं हे सिद्ध करणं पूर्वी फार अवघड होतं. आता तो स्वतःच लिहून ठेवतो. ‘अरे हा तिकडचा आहे, नको’ असा व्हॉइस मेसेज, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, त्याखाली तोंड वाकडं केलेला इमोजी. हे सगळं इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून न्यायालयात जाऊ शकतं. अमेरिकेतलं एक प्रकरण मी मालकांना नेहमी सांगते. केंटकी विद्यापीठाला २००७ मध्ये नव्या वेधशाळेसाठी संचालक हवा होता. मार्टिन गॅस्केल नावाचे खगोलशास्त्रज्ञ यादीत सगळ्यात पुढं होते. निवड समितीतल्या कुणीतरी इंटरनेटवर त्यांचं नाव शोधलं आणि बायबल व खगोलशास्त्र या विषयावरचं त्यांचं लिखाण सापडलं. नोकरी दुसऱ्याला गेली. पुढं दाव्यात समितीचे आपसांतले ईमेल बाहेर आले. त्यांना डावलण्यामागं धर्माखेरीज दुसरं कारण होतं असं कुणाही त्रयस्थाला पटणार नाही, असं खुद्द समितीच्या अध्यक्षांनीच त्यात लिहिलेलं होतं. जानेवारी २०११ मध्ये विद्यापीठानं चूक कबूल न करता १ लाख २५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हाच्या भावानं ५५ लाख रुपयांच्या वर. एका शोधाची किंमत.

आपल्याकडंही वारा फिरतोय. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. त्यातून पुढं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मालकांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. पंपवाला असो की शाळा, छोट्या माणसांना सरसकट सूट त्यात दिलेली नाही.

या कायद्यातलं एक वाक्य मालक लोक लगेच पकडतात. माणसानं स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. “मग फेसबुक जाहीरच की!” असं मला परवाच एक जण म्हणाला. मी त्याला ‘स्वतःहून’ या शब्दापाशी थांबवलं. मी माझ्या पानावर सगळ्यांना दिसेल असं काही टाकलं तर ते मी जाहीर केलं. पण चुलत भावानं लग्नातला फोटो टाकून त्यात माझं नाव जोडलं, तर ते मी जाहीर केलेलं नाही. मी फक्त मित्रांसाठी ठेवलेला फोटो माझ्या मित्राकडून मालकानं मागवला, तर तेही नाही. आणि व्हॉट्सअॅपचा स्टेटस कुणाला दिसावा हे मी निवडलेलं असतं. कायदा नोकरीच्या कामासाठी काही माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा देतो, पण ती मुभा जो कामावर आलेलाच नाही त्याच्यापर्यंत किती ताणायची, यावर वकिलांत वाद आहेत. माझा सल्ला सोपा असतो: विचारून, लेखी संमती घेऊन बघा.

याच कायद्यापायी मला मालकांचे मोबाईल उघडायला लावावे लागतात. सेटिंग बदललेलं नसेल तर व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो आपोआप गॅलरीत उतरतो. एका हॉटेलवाल्या अण्णांच्या गॅलरीत मी पाहिलं तर नातवाच्या बारशाच्या फोटोंमध्ये साठ-सत्तर अनोळखी माणसांची आधार कार्डं, मार्कशीटं, पासबुकाची पानं पडलेली. पाच वर्षांपूर्वी काम मागून गेलेली माणसं. तो मोबाईल अण्णांनी पुतण्याला द्यायला काढला होता. काम झालं की माहिती पुसायची, आणि आहे तोवर ती बाहेर फुटणार नाही अशी राखायची, हे आता कायद्याचं बंधन होणार आहे. राखण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दंड ठरवताना चूक केवढी आणि कशी हे बघायचं आहे, त्यामुळं अण्णांना कुणी कोटीचा दंड लावेल असं मला वाटत नाही. पण त्या साठ-सत्तर माणसांची आधार कार्डं पुतण्याच्या हातात जाणं, एवढंच मला पुरेसं वाईट वाटतं. आम्ही दोघांनी बसून ती एकेक करून पुसली. दुपार गेली.

आणखी दोन प्रकार आहेत, ज्यांत मालक थेट गुन्ह्याच्या दारात जातात. पहिला, मुलीच्या नावानं खोटं अकाउंट उघडून उमेदवाराला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड मध्ये दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या साधनानं फसवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उमेदवार बाई असेल आणि कुणा पुरुषानं तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहेच. दुसरा प्रकार, मुलाखतीत ‘मोबाईल उघडून दाखव बरं’ असं म्हणायचं. गरजू पोरगा नाही कसं म्हणणार? अशा वेळी दिलेल्या होकाराला संमती म्हणवत नाही. अमेरिकेत मेरीलँडमध्ये तुरुंग विभागाच्या एका कर्मचाऱ्याला कामावर परत घेताना असाच फेसबुकचा पासवर्ड मागितला. त्यावरून गदारोळ झाला आणि २०१२ मध्ये मालकांनी पासवर्ड मागायला बंदी घालणारं ते तिथलं पहिलं राज्य ठरलं. आपल्याकडं नेमका असा कायदा अजून नाही. तो व्हावा असं मला वाटतं.

इथं एक फरक सांगायला हवा, कारण मालक दोन गोष्टींची गल्लत करतात. जो आधीच कामावर आहे त्यानं कंपनीविरुद्ध काही लिहिलं, तर ते वेगळं प्रकरण. हिताची अॅस्टेमो कंपनीच्या एका कामगारानं फेसबुकवर कंपनीविरुद्ध भडकाऊ मजकूर टाकला होता. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कंपनीची बाजू धरली. राज्य सरकारनंही २८ जुलै २०२५ च्या निर्णयानं आपल्या कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांसाठी नियम घालून दिले. कामावरच्या माणसावर शिस्त असते, त्याला नोटीस मिळते, चौकशी होते, बाजू मांडता येते. बाहेर अर्ज हातात घेऊन उभा असलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. आपल्याबद्दल काय बघितलं आणि काय ठरलं, हे त्याला कळतही नाही.

तर, तो पोरगा.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी, एका सकाळी सत्तरीचे एक काका जिना चढून आले. सोलापूरच्या एका गिरणीतून निवृत्त झालेले, पीएफची पेन्शन थांबलेली. हयातीचा दाखला भरायचा राहिला होता. पिशवीतून त्यांनी कागद काढले, रबर लावून ठेवलेले. मी यंत्र पुढं केलं, त्यांनी अंगठा ठेवला. यंत्र घेईना. बोट पुसलं, पुन्हा ठेवला. घेईना. उभा जन्म सुताच्या बॉबिनी हाताळून बोटांच्या रेघाच झिजलेल्या. मग खालून त्यांचा मुलगा आला. त्यानं वडिलांचा हात आपल्या हातात घेतला, एकेक बोट ओल्या फडक्यानं पुसलं, आपल्या शर्टाला कोरडं केलं आणि हळूच काचेवर दाबून धरलं. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. हिरवा दिवा पेटला. फॉर्मवर पत्ता लिहिताना मी गावाचं नाव विचारलं, मग आडनाव वाचलं, आणि मान वर करून त्या मुलाकडं पाहिलं.

फोटोतला माणूस तो नव्हता. फेस असो नसो. हा किरकोळ, सावळा, कानाला भोक. तो रुंद खांद्याचा. सारखं फक्त नाव.

काका म्हणाले, “पोरगं ड्रायव्हर हाय, ताई. तीन ठिकाणी ये म्हनले आन् आयत्या वक्ताला नको म्हनले. नशीबच न्हाई त्याचं. कुटं असलं काम तर बघा की.”

मी त्याला विचारलं, “तू फेसबुकवर आहेस का?” त्यानं खिशातून बटणांचा साधा मोबाईल काढून दाखवला. “ह्यात नेट न्हाई, ताई.”

मी त्या दोघांना खुर्चीवर बसवलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. माझ्या हातून झालं, हेही सांगितलं. काकांना नीट कळलं नाही. त्याला कळलं. तो बराच वेळ जिन्याकडं बघत होता. मग म्हणाला, “मग आता त्यास्नी सांगा की, मी तो न्हाई म्हणून.” दुसरं काही मागितलं नाही.

नंतर मी कायद्याची पुस्तकं काढून बघितलं. एखाद्याची अब्रू जाईल असं काही दुसऱ्याला कळवणं ही बदनामी. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आपलं किंवा दुसऱ्याचं हित राखायला सद्भावनेनं सांगितलं असेल तर सूट आहे. पण सद्भावना म्हणजे काय हेही कायद्यानं सांगून ठेवलंय: पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली कुठलीही गोष्ट सद्भावनेनं केली असं धरत नाहीत. मी आठ-नऊ जणांतला एक निवडला होता, तेही चेहरा झाकलेल्या फोटोवरनं. त्या पोरानं वकील गाठला असता तर माझ्याकडं आणि त्या मालकाकडं सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्याकडं येणाऱ्या मालकांना मी काय सांगते ते लिहिते. रोकड सांभाळायला किंवा शाळेच्या गाडीवर माणूस ठेवायचा असेल तर चौकशी केलीच पाहिजे, त्यात मालकाचं काही चुकत नाही. पण ड्रायव्हरचं लायसन परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. त्याला थोडे दिवस लागतात, तेवढं थांबा. आधीच्या मालकाला उमेदवाराला सांगून फोन करा. एवढं करूनही फेसबुक बघायचंच असेल तर आधी मुलाखत घ्या, निवड करा, मग उमेदवाराची लेखी संमती घ्या, त्याच्याकडनंच त्याचं अकाउंट लिहून घ्या, आणि बघायचं काम ज्याच्या हातात निवड नाही अशा माणसाला द्या. त्यानं कामाशी संबंध असलेलंच सांगायचं. जात, धर्म, पोट, आजार यातलं काही नाही. काही वावगं दिसलं तर उमेदवाराला समोर बसवून विचारा. जुनं काही निघालं तर त्याचं वयही बघा. दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की कोवळ्या वयातल्या लहानसहान चुकांवरनं माणसाला जन्मभर कपाळावर शिक्का मारू नये.

बरेच मालक हे ऐकून म्हणतात, एवढं कोण करणार. मी म्हणते, मग बघूच नका.

त्या मालकाला मी त्याच दिवशी फोन केला होता. तोपर्यंत त्याची पिकअप दुसऱ्याच्या हातात गेली होती. पण त्यानं ग्रुपवर खुलासा टाकायला हरकत घेतली नाही. मजकूर मीच लिहून दिला: अमुक गावचा अमुक ड्रायव्हर म्हणून जो फोटो फिरला तो त्याचा नाही, चूक आमची, त्याला काम द्यायला काही अडचण नाही. दोघा-तिघांनी हात जोडलेले इमोजी टाकले. एकानं विचारलं, ‘कोण हा?’ पुढच्या महिन्यात तो पोरगा वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवर लागला, नंतर दुधाच्या टँकरवर. गाडी चांगली चालवतो.

मागच्या महिन्यात पलीकडच्या तालुक्यातल्या एका शाळेचा मेसेज आला. बसवर ड्रायव्हर घ्यायचाय, तामलवाडीकडचा आहे, तुमच्या माहितीतला असेल तर सांगा. सोबत एक फोटो जोडलेला, इतक्या वेळा पुढं गेलेला की कडा धूसर झालेल्या. बॉनेटवर केक, तलवार, तोंडावर फेस. खाली त्या पोराचं नाव आणि गाव.

मी लगेच फोन लावला.